भिजत घातलेली कॉफी

"बाटलीत काय आहे?"

रेक्टर सरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते आणि मी टॉवेल गुंडाळून रूमच्या दारात उभा होतो. सरांच्या हातात माझी काचेची बाटली होती. बाटलीभोवती ओलं फडकं, आत काळपट तपकिरी पाणी, तळाशी चार बोटं गाळ. सापडली ती कूलरसमोर, स्टुलाखाली. आता होस्टेलच्या झडतीत स्टुलाखाली सापडलेल्या तपकिरी बाटलीचा अर्थ काय होतो, हे ज्याला कळत नाही त्याने होस्टेलला राहू नये.

"सर, कॉफी आहे."

"गार?"

"हो सर. रात्रीच भिजत घातलीय."

सरांनी झाकण उघडून वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं, मग परत बाटलीकडे. म्हणाले, "अरे, मग गरम करून पी ना." आणि लगेच त्यांच्याच लक्षात आलं. "नको, गरम करू नकोस. आहे तशीच पी."

त्या सकाळी आमच्या मजल्यावरून सात कॉईली, दोन इस्त्र्या आणि एक इंडक्शनची शेगडी जप्त झाली. माझी बाटली तेवढी परत मिळाली. माझ्या रूमपार्टनरची कॉईल मात्र गेली, आणि त्याबद्दल तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. जणू काही ती मीच दाखवून दिली.

मित्रांनो, एरवी असल्या जप्तीवर लेख लिहायचा म्हणजे होस्टेलच्या नियमांना शिव्या घालायच्या, हा आपल्या मासिकाचा शिरस्ता आहे. मी तसं करणार नाही, कारण कॉईलच्या बाबतीत मी रेक्टर सरांच्या बाजूचा आहे. गेल्या वर्षी आमच्याच मजल्यावर एकाने प्लॅस्टिकच्या बादलीत कॉईल सोडली आणि तो ओरलची यादी बघायला खाली गेला. पाणी आटलं, बादली वितळली, शेजारची गादी धुमसायला लागली. सुट्टीचा दिवस असता आणि कॉरिडॉरमध्ये कोणी नसतं, तर काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो. आणि ही कॉईल कशासाठी? आंघोळीच्या पाण्याला सोलर आहे. कॉईल असते ती रात्री दीड वाजता स्टीलच्या ग्लासात चहा-कॉफी करायला. मेस नऊला बंद, टपरी अकराला बंद, आणि आपला अभ्यास सुरू होतो साडेअकराला.

तर माझं म्हणणं असं, की या सगळ्यावर बिनविजेचा, बिनधुराचा, नियमात बसणारा आणि स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे कॉफी रात्रभर गार पाण्यात भिजत घालणं. बाहेर त्याला कोल्ड ब्रू म्हणतात आणि आपल्या गेटसमोरच्या नव्या कॅफेत एका ग्लासाचे दोनशेच्या वर घेतात. त्या ग्लासात निम्मा बर्फ असतो, हे सांगायलाच नको. पण हा लेख कॅफेच्या विरुद्ध नाही आणि नुसता पाककृतीचाही नाही. ही कॉफी चुकीच्या वेळी आणि चुकीच्या मापाने पिऊन मी एक विषय घालवला आहे. तोही हिशेब पुढे मांडणार आहे.

पहिल्यांदा मी हे घरी, दिवाळीच्या सुट्टीत करून बघितलं. आमच्याकडे कॉफी म्हणजे पाहुण्यांची गोष्ट. दूध उकळायचं, साखर सढळ हाताने, वर जायफळ किसून. मी बरणीत कॉफीची पूड टाकून तिच्यावर माठातलं पाणी ओतलं तेव्हा आई म्हणाली, "कॉफी काय साबुदाणा आहे का, भिजत घालायला?" सकाळी गाळली, बिनदुधाची, बिनसाखरेची दोन घोट तिला दिली. तिने तोंड जरा वाकडं केलं. पण मग म्हणाली, "कडू नाही रे फारशी." आजी शेजारी बसली होती. तिला यात नवीन काहीच वाटलं नाही. उन्हाळी लागली की धने-जिरे रात्री पाण्यात टाकून सकाळी गाळून द्यायचे, हे ती गेली साठ वर्षं करते आहे.

नंतर आयुर्वेदिक कॉलेजातल्या एका मित्राने सांगितलं की धन्याच्या त्या पाण्याला त्यांच्या अभ्यासक्रमात रीतसर नाव आहे: हिम, म्हणजेच शीतकषाय. उकळून केला तो काढा, गरम पाणी ओतून गाळला तो फांट, आणि रात्रभर गार पाण्यात ठेवून सकाळी गाळला तो हिम. शार्ङ्गधर संहितेत त्याचं मापही दिलंय, एक भाग जाडसर कुटलेलं द्रव्य आणि सहा भाग पाणी. आता यावरून 'म्हणजे कोल्ड ब्रूसुद्धा आपलीच' असं म्हणून छाती फुगवायची गरज नाही. कॉफी आपल्याकडे आली येमेनहून. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात, आणि त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. पण भिजत घालून गाळून घेणं ही गोष्ट ज्या घरात रोज होते, त्या घरातल्या मुलाने त्यासाठी दोनशे रुपये मोजावेत, याचं मला हसू येतं एवढंच.

आपल्या केमिकलवाल्यांसाठी तर हा पोर्शनचा भाग आहे. ट्रेबलच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण, लीचिंग. शेवटी असल्यामुळे आपण सगळेच ते ऑप्शनला टाकतो. घन पदार्थातला विरघळणारा भाग द्रवाने काढून घ्यायचा, बिटातून साखर काढतात तशी. कॉफीच्या कणाच्या आत पाणी शिरणार, आतले पदार्थ विरघळणार आणि हळूहळू बाहेर येणार. हे 'हळूहळू' महत्त्वाचं. गरम पाण्यात हे काम चार-पाच मिनिटांत होतं, गार पाण्याला रात्र लागते. शिवाय गार पाणी सगळंच बाहेर काढत नाही. उष्णतेशिवाय न सुटणारे, कडवट आणि तुरट लागणारे बरेच पदार्थ चोथ्यातच राहतात. आईला ती कडू लागली नाही ती त्यामुळे. आणि ही पद्धत अमेरिकेत घराघरात नेणारं 'टॉडी' नावाचं भांडं १९६४ साली काढलं ते टॉड सिम्पसन नावाच्या माणसाने, आणि तो शिकलेला होता केमिकल इंजिनियरिंग. प्लेसमेंट सेलने याची नोंद घ्यावी.

किती वेळ भिजवायची, यावर लोक भांडतात. बारा तास, सोळा तास, कोणी चोवीस सांगतो. फिलाडेल्फियातल्या निनी राव आणि मेगन फुलर या दोघींनी हे मोजून बघितलं आणि २०१७ साली प्रसिद्ध केलं. खोलीच्या तापमानाला कॅफीन साधारण सहा-सात तासांत समतोलाला पोचतं, पुढे वाढत नाही. म्हणजे रात्री अकराला घातलेली सकाळी सहाला तयार. चवीसाठी दोन तास जास्त ठेवा, पण चोवीस तास ठेवून जास्त 'किक' मिळेल हा गैरसमज आहे. याच दोघींनी पुढच्या वर्षी आणखी एक समज मोडला. कोल्ड ब्रूमुळे अ‍ॅसिडिटी होत नाही, असं सगळीकडे सांगतात. त्यांनी पीएच मोजला तर गरम आणि गार, दोन्ही कॉफींचा जवळपास सारखाच निघाला, पाचच्या आसपास. गरम कॉफीत एकूण आम्ल थोडी जास्त उतरतात, तेवढाच फरक. तेव्हा मेसची रविवारची मिसळ खाऊन वर 'ही कॉफी पोटाला हलकी असते' म्हणून दोन ग्लास रिचवणाऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर रिचवावी.

आता कृती. अगदी होस्टेलच्या हिशेबाने सांगतो, कारण आपल्याकडे वजनकाटा नसतो.

फिल्टर कॉफीची २०० ग्रॅमची पुडी आणा. मला ती दीडशेच्या आसपास पडली. पुडी वर्तमानपत्रावर ओतून पट्टीने चार सारखे ढीग करा. एक ढीग म्हणजे ५० ग्रॅम. उरलेले तीन ढीग घट्ट झाकणाच्या डब्यात. अर्धा लिटर पाणी घ्या, मेसच्या फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं. नळाचं नको, कारण या कृतीत उकळी कुठेच येत नाही आणि पाण्यात जे असेल ते तसंच पोटात जाणार. काचेची रुंद तोंडाची बरणी गरम पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुऊन घ्या. पूड, पाणी, एकदा ढवळा, झाकण लावा, झोपा. हे शेवटचं क्रियापद लक्षात ठेवा, त्याच्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

सकाळी अर्धा लिटर हातात येणार नाही. चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे १०० मिलिलिटर गेलंच. उरलं ४००. हा अर्क आहे, सरबत नव्हे. यात तेवढंच गार पाणी किंवा दूध घालायचं, की चार जणांची कॉफी होते. माणशी दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत, दूध मेसमधून 'जास्तीचं' आणलं तर.

इन्स्टंट कॉफी भिजत घालू नका. आमच्या विंगमधल्या एका महाभागाने ती आठ तास भिजवली आणि 'चोथा कुठे गेला' म्हणून मला विचारायला आला. इन्स्टंट म्हणजे कारखान्यात आधीच काढलेला अर्क, वाळवून भुकटी केलेला. ती पाण्यात पडल्या पडल्या विरघळते. त्याने आठ तास पहारा केला तो साध्या द्रावणावर.

पुडी घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या बहुतेक फिल्टर कॉफीत चिकोरी असते. कायद्याने ती निम्म्यापर्यंत चालते, फक्त कॉफी ५१ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये आणि दोन्हींचं प्रमाण पुडीवर छापावं लागतं. चिकोरी हे एक मूळ आहे, भाजून दळलेलं. तिच्यात कॅफीन अजिबात नसतं. रंग मात्र असा काळाभोर देते की बघणाऱ्याला वाटावं, काय कडक कॉफी आहे! चिकोरी वाईट असते असं मी म्हणत नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला मुद्दाम चिकोरी घालूनच गार कॉफी करतात. पण आपण पैसे कशाचे देतो आहोत, ते माहीत असावं.

दळण हा खरा त्रास. दुकानातली पूड फिल्टरसाठी बारीक दळलेली असते, गाळताना सगळी फडक्याच्या विणीत जाऊन बसते. मला जाडसर, रव्यासारखी हवी होती. ती मिळाली रूमपार्टनरमुळे. हा परतवाड्याचा. महाराष्ट्रात कॉफी होते ती आपल्या चिखलदऱ्याला, हे मला साताऱ्याहून इथे येईपर्यंत माहीत नव्हतं, आणि मेळघाटच्या पायथ्याशी वाढलेल्या या पठ्ठ्याला त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. "असते ना बे तिथं कॉफी, त्यात काय!" दिवाळीनंतर येताना तो भाजलेल्या बियांची पाव किलोची पिशवी घेऊन आला. ग्राइंडर कुठून आणणार? मेसच्या मावशींचा खलबत्ता मागून आणला आणि कुटल्या. जाड-बारीक, वेड्यावाकड्या, पण काम झालं. (लॅबमध्ये चाळण्यांचा अख्खा संच आहे आणि बॉल मिलही आहे. मनात आलं होतं. पण त्या मिलमध्ये आजवर काय काय दळलं गेलंय ते ज्या दिवशी लॅब असिस्टंट काकांनी सांगितलं, त्या दिवशी तो विचार सोडला. लॅबचं बीकरसुद्धा खाण्यापिण्याला वापरू नका, कितीही धुतलेलं असलं तरी.)

गाळायला मी घरून चक्का बांधायचं फडकं आणलं आहे. श्रीखंडाला वर्षानुवर्षं वापरलेलं, मऊ, पाण्यात नुसतं उकळून धुतलेलं. त्याआधी एकदा रुमाल वापरला होता, नुकताच पावडरीत धुऊन वाळवलेला. ती कॉफी पिताना आम्हा तिघांनाही आपण कपडे धुतोय असा भास होत होता.

साखरेचं एक सांगून टाकतो. गार पाण्यात साखर विरघळते, पण फार वेळ लावते. ग्लासात चमचा फिरवत बसण्यापेक्षा रात्रीच अर्धी वाटी पाण्यात साखर टाकून वेगळी ठेवा, सकाळपर्यंत पाक तयार.

आता उन्हाळ्याचं. हा खरा आपला प्रश्न आहे, कारण परीक्षा असते मेमध्ये आणि मेमध्ये विदर्भात रात्रीसुद्धा खोली तापलेली असते. परदेशी लोक 'रूम टेम्परेचर' म्हणतात ते वीस-पंचवीस अंश. आपलं रूम टेम्परेचर ऐकून त्यांना वाटेल आपण कॉफी उकळतोच आहोत. म्हणून ते ओलं फडकं आणि कूलर. फडकं बरणीला गुंडाळायचं, त्याचं टोक पाण्याच्या ताटलीत सोडायचं आणि बरणी वाऱ्यात ठेवायची. इथली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि बरणी वेट बल्बच्या दिशेने गार होत जाते. माठाचं तत्त्व तेच. मी थर्मामीटर लावून बघितला, खोलीपेक्षा दहा अंशांनी खाली गेला होता. कोकणातल्या होस्टेलमध्ये हे चालणार नाही, तिथल्या दमट हवेत फडकं नुसतं ओलंच राहील.

पण दहा अंश म्हणजे फ्रिज नव्हे. कॉफी काळी आणि कडू असते म्हणून नासत नाही, असं समजू नका. पाचच्या आसपासचा पीएच जंतूंना रोखायला पुरेसा नाही आणि आपण काहीच उकळलेलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीला डबाबंद कोल्ड ब्रू बाजारातून परत मागवावी लागली होती, बंद डब्यात बोट्युलिझमचं विष तयार होण्याचा धोका होता म्हणून. तेव्हा फ्रिज नसेल तर सकाळी गाळा, दुपारच्या आत संपवा आणि उरली तर बेसिनात ओता. 'उद्याला होईल' म्हणून स्टुलाखाली परत ठेवू नका. दूध घातलेली तर तासाभरातच संपवा.

इथवर सगळं छान आहे. आता एम-थ्री.

पेपर सकाळी दहाला. आदल्या रात्री माझा लाप्लास आणि फोरियर, दोन्ही कोरे होते. चिखलदऱ्याची कॉफी आदल्या दिवशी भिजत घातलेली, गाळून तयार. दूध नव्हतं, बर्फ नव्हता, आणि मला पाणी घालायचा कंटाळा आला. रात्री साडेदहा ते साडेअकरा या तासाभरात मी ४०० मिलिलिटर अर्क एकट्याने संपवला. चव खरंच चांगली होती, कडू लागत नव्हती, म्हणून कळलंही नाही. हा या कॉफीचा मोठा दोष आहे. गरम कडक कॉफी दुसऱ्या कपाला स्वतःच नको म्हणते, ही म्हणत नाही.

एकच्या सुमारास वाटलं, काय भन्नाट अभ्यास होतोय! पानं भराभर उलटत होती. दोनला हात थरथरायला लागले. तीनला छातीत इतकं धडधडायला लागलं की उशीवर कान टेकवला तर आवाज ऐकू येत होता. रूमपार्टनरला उठवलं. तो घाबरला, त्याने मला पाणी पाजलं, गॅलरीत बसवलं आणि म्हणाला, "आता पुस्तक उघडलंस तं फेकून देईन बे." चारला आडवा झालो. डोळे मिटत होते, झोप येत नव्हती. सहा वाजता चिमण्या ओरडायला लागल्या तेव्हाही मी जागाच. पेपरात पहिला प्रश्न तीन वेळा वाचला. येत होता. सगळ्या पायऱ्या माहीत होत्या, पण एका पायरीवरून दुसरीवर जाईपर्यंत पहिली हातातून निसटत होती. सहा मार्कांनी बॅक राहिला. घरी सांगितलं, पेपर फार अवघड काढला होता. आई म्हणाली, "जागरण झालं असेल तुझं." मी नाही म्हणालो.

त्यानंतर एका रविवारी बसून मी हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. कॉफीच्या पुडीत वजनाच्या साधारण सव्वा ते दीड टक्का कॅफीन धरतात, ती अरेबिका असेल तर. रोबस्टा असेल तर त्याच्या दीडपट ते दुप्पट, आणि भारतात पिकते त्यात रोबस्टाच जास्त. आपण दीड टक्का धरू. ५० ग्रॅमचे झाले ७५० मिलिग्रॅम. त्यातला पाचवा भाग चोथ्यातल्या पाण्याबरोबर गेला असं समजा, उरले ६००. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढ माणसासाठी जी मर्यादा सांगितली, ती एका वेळी २०० आणि दिवसभरात ४००. म्हणजे मी एका बैठकीत तिप्पट आणि दिवसाच्या कोट्याच्या दीडपट घेतलं होतं, वर पोटात रात्रीच्या खिचडीशिवाय काही नाही. आणि हे कॅफीन शरीरातून जातं कसं? साधारण पाच तासांत निम्मं. माणसागणिक कमीजास्त, पण पाच धरा. साडेअकराला ६००, पहाटे साडेचारला ३००, सकाळी साडेनऊला १५०. वर्गात शिरताना माझ्या रक्तात अजून दीड कप कॉफी फिरत होती. पेपरात लाप्लास होता आणि अंगात एक्स्पोनेन्शियल डिके. इंजिनियरिंगच्या मुलाला हे गणित दोन मिनिटांचं आहे. आपण ते कधी करत नाही, कारण पिण्याच्या गोष्टीला कोणी युनिट लावत नाही. 'एक मग' हे काय युनिट झालं?

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. कोल्ड ब्रू रात्री जागायला वापरू नये. तिची सगळी रचनाच उलटी आहे. ती रात्री आपल्यासाठी काम करते, आपण झोपलेलो असताना, आणि सकाळी तयार मिळते. दीड वाजता झोप आली म्हणून ती करता येत नाही, आदल्या रात्री आठवण ठेवावी लागते. ज्याला आदल्या रात्री आठवण राहते त्याला दीड वाजेपर्यंत जागावं लागत नाही, असं माझा मित्र म्हणतो. मी इतका सज्जन अजून झालेलो नाही. पण सकाळी सातला उठून अर्ध्या ग्लास अर्कात अर्धा ग्लास पाणी घालून बसलो, तर साडेनऊपर्यंत जे होतं ते रात्रीच्या चार तासांत होत नव्हतं, हे मात्र एम-थ्रीच्या दुसऱ्या खेपेला अनुभवलं. सुटला. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, बीपी आहे किंवा गोळ्या चालू आहेत, त्यांनी माझ्या लेखावर न जाता डॉक्टरांना विचारावं.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, कॉफीच सोडून द्या. ते सांगायला सोपं आहे. पीएलमध्ये आपल्या विंगमधून रात्री बारा वाजता एक फेरी मारा. एनर्जी ड्रिंकचे डबे, डबल पत्तीचा चहा, झोप उडवायच्या गोळ्यांची पाकिटंसुद्धा मी बघितली आहेत. कॉईलींचं तर विचारूच नका, सात जप्त झाल्या आणि आठवड्यात नऊ आल्या. नियम आहे, झडती आहे, दंड आहे, तरी येतात, कारण रात्री नऊनंतर या कॅम्पसवर गरम पाण्याचा एक थेंब मिळत नाही. नियम बरोबर असूनही पाळला जात नसेल, तर त्याच्या शेजारी काहीतरी ठेवावं लागतं.

म्हणून प्राध्यापक मंडळींना आणि विशेषतः रेक्टर सरांना विनंती. मेसच्या मागच्या खोलीत दोन दारांचा फ्रिज आहे. त्याचा खालचा एक कप्पा पीएल आणि परीक्षेच्या दोन महिन्यांपुरता मुलांना द्यावा. बरणीवर रूम नंबर आणि भिजत घातल्याची तारीख, दोन दिवसांपेक्षा जुनी दिसली तर मावशींनी सरळ ओतून द्यावी, कोणी तक्रार करणार नाही. चावी मेस सेक्रेटरीकडे. खर्च शून्य, फ्रिज चोवीस तास चालूच असतो. आणि जमलं तर रात्री अकरापर्यंत गरम दुधाचं एक पातेलं, पैसे घेऊन का होईना. कॉईली किती कमी होतात ते पुढच्या झडतीत मोजून बघा. मोजल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका.

हे मी सरांना तोंडीही सांगितलं आहे. ते म्हणाले, लेखी द्या. हा लेख म्हणजे तेच. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. पण परवा कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारत होते, "ती तुझी कॉफी, दूध कधी घालायचं रे? आधी की गाळल्यावर?"

गाळल्यावर, सर. आणि पुडी आणताना मागची बारीक अक्षरं वाचा.